मुलाखतीला सामोरे जाताना : मनाचा तोल कसा सांभाळावा?

दरवर्षी आपल्या वस्त्यांमधून अनेक मुले-मुली स्पर्धा परीक्षांना बसतात. अभ्यासिकेत बसून, कुणी दिवसा नोकरी करून, कुणी आई-वडिलांच्या कामात हात घालून ती अभ्यास करतात. लेखी परीक्षा उत्तीर्ण होतात, मुलाखतीचे पत्र येते, घरात पेढे येतात. आणि मग मुलाखतीच्या दालनातून बाहेर आलेला उमेदवार सांगतो, "सगळं येत होतं हो, पण तोंडातून शब्दच फुटेना." हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकले आहे की त्यावर काही सांगणे आम्हास आमचे कर्तव्य वाटते.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. मानसशास्त्राचे पंडित असल्याचा आमचा दावा नाही. परंतु गेली काही वर्षे रविवारच्या सुट्टीत आम्ही काही सहकारी मिळून आपल्या मुलांच्या सराव-मुलाखती घेत आलो आहोत. शिवाय क्लार्कमधून अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या बँक कर्मचाऱ्यालाही पदोन्नतीच्या मुलाखतीला बसावे लागते. त्यामुळे हा विषय आम्हालाही परका नाही. या अनुभवातून आणि थोड्याफार वाचनातून आमचे एक मत बनले आहे. मुलाखतीत शांत राहणारा उमेदवार जन्मतःच धीट असतो असे नाही. भीती त्यालाही वाटते. पण भीती वाटत असतानाही विचारलेल्या प्रश्नाकडे लक्ष परत आणण्याची त्याने सवय केलेली असते. ही सवय कुणालाही लावून घेता येते. ती कशी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

मुलाखतीचे वजन किती?

प्रथम मुलाखतीला किती महत्त्व द्यावे ते पाहू. कारण पुष्कळदा अज्ञानातूनच भीती वाढते.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित) आणि गट क पदांच्या मुलाखती बंद केल्या. सरकारी बँकांतील क्लार्क पदाची निवडही आता लेखी परीक्षेवरच होते. म्हणजे ज्या पदासाठी मुलाखतच नाही तिची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. परंतु अधिकारी पदासाठी मुलाखत आहे. आयबीपीएसमार्फत होणाऱ्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या निवडीत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचे प्रमाण ८० ला २० असे धरले जाते. मुलाखत १०० गुणांची असते. तीत सर्वसाधारण प्रवर्गाला किमान ४० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांना किमान ३५ टक्के गुण मिळवावेच लागतात. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेसाठी २०२५ पासून जी नवी वर्णनात्मक पद्धत आली, तीतही लेखी १७५० आणि मुलाखत २७५ अशीच विभागणी आहे.

एक साधे गणित मांडू. अधिकारी पदाच्या मुख्य परीक्षेत एका उमेदवाराला ४४ टक्के आणि दुसऱ्याला ४० टक्के गुण आहेत असे समजा. ८० च्या प्रमाणात ते अनुक्रमे ३५.२ आणि ३२ होतात. आता मुलाखतीत पहिल्याला १०० पैकी ४० आणि दुसऱ्याला ७० मिळाले, तर २० च्या प्रमाणात ते ८ आणि १४ होतील. बेरीज केल्यास पहिल्याचे ४३.२ आणि दुसऱ्याचे ४६. लेखी परीक्षेत मागे असलेला पुढे गेला! पंधरा-वीस मिनिटांच्या संभाषणाचे मोल एवढे आहे.

पण दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. मुलाखत हेच सर्वस्व नाही, आणि ते असू नये असे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे. अजय हसिया खटल्यात (निकाल नोव्हेंबर १९८०) महाविद्यालयीन प्रवेशासाठी तोंडी परीक्षेला एकतृतीयांश गुण ठेवणे न्यायालयाने अवाजवी ठरविले. पुढे १९८५ मध्ये अशोककुमार यादव खटल्यात हरियाणाच्या नागरी सेवेतील मुलाखतीचे गुण जास्त असल्याचे सांगून ते १२.२ टक्क्यांपर्यंत असावेत असे सुचविले. तात्पर्य, तुमची लेखी परीक्षेची मेहनत तुमच्या पाठीशी भक्कम उभी आहे. तुम्ही रिकाम्या हाताने त्या दालनात जात नाही.

शरीरात काय घडते?

मुलाखतीला बसल्यावर छाती धडधडते, तळहात ओले होतात, घसा कोरडा पडतो, पोटात गोळा येतो. पुष्कळ मुलांना वाटते, हा आपला दुबळेपणा, आपल्या संस्कारांतली उणीव. तसे मुळीच नाही. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास या अवस्थेचे वर्णन करून ठेवले आहे. संकट समोर दिसताच शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. मूत्रपिंडावरील ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात येते. हृदय जोरात चालते, रक्त स्नायूंकडे जास्त जाते, पचन मंदावते, लाळ कमी होते. समोर वाघ असो की मुलाखत मंडळ, शरीराची तयारी बरीचशी सारखीच.

मुलाखत आणि ताण यांचा संबंध किती घट्ट आहे, हे एका प्रयोगावरून कळते. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांना प्रयोगशाळेत माणसावर हमखास ताण आणण्याची पद्धत हवी होती. १९९३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्यांनी काय केले असेल? नोकरीची मुलाखतच मांडली! उमेदवाराने अनोळखी मंडळासमोर उभे राहून आपण या जागेस कसे योग्य आहोत ते पाच मिनिटे सांगावयाचे. त्यानंतर पाच मिनिटे १०२२ मधून १३ वजा करत जावयाचे आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावयाची. या वेळी मंडळातील लोक मान डोलावत नाहीत, हसत नाहीत. त्यांचे चेहरे कोरे. एवढ्यानेच निरोगी माणसांच्या लाळेतील कॉर्टिसोल या द्रव्याचे प्रमाण दुप्पट ते चौपट झाले. पुढे २००४ मध्ये डिकरसन आणि केमेनी या संशोधकांनी अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. "लोक मला पारखत आहेत" आणि "माझ्या हातात काही नाही" या दोन भावना एकत्र आल्या की शरीर सर्वांत जास्त ताण घेते, असे त्यांना दिसले.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. एक म्हणजे, समोरच्याचा कोरा चेहरा ही नापसंती नसते. अनेक मुलाखतकार जाणूनबुजून चेहरा कोरा ठेवतात, म्हणजे प्रत्येक उमेदवाराला सारखी वागणूक मिळते. दुसरी म्हणजे, पारख होणार हे आपण टाळू शकत नाही. पण "माझ्या हातात काही नाही" ही भावना आपण कमी करू शकतो. तयारीचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

थोडी धडधड मात्र उपयोगाचीच असते. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखविले की अवघड काम शिकताना अगदी कमी किंवा अगदी जास्त उत्तेजना घातक ठरते, मध्यम उत्तेजना बरी. हार्वर्डच्या ॲलिसन वूड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात भाषणापूर्वी "मी शांत आहे" असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतो आहे" असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. म्हणून धडधड दाबून टाकण्याच्या भानगडीत पडू नये. "शरीर कामाला लागले आहे, चांगले आहे" असे म्हणावे आणि पुढे जावे.

मुलाखतीपूर्वीचे दिवस

(१) कागदपत्रे : मुलाखतीच्या दिवशी पहिला घाम फुटतो तो मंडळासमोर नव्हे, कागदपत्र तपासणीच्या टेबलापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाचे स्पेलिंग एक, जातीच्या दाखल्यावर दुसरे. लग्नानंतर मुलीचे आडनाव बदललेले, पण विवाह नोंदणीचा दाखला घरीच राहिलेला. केंद्राच्या भरतीसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील जातीचा दाखला हवा असतो आणि हातात असतो राज्याच्या नमुन्यातील. तिथे अडलेला उमेदवार आत जाईपर्यंत निम्मा खचून जातो. म्हणून जाहिरात आली त्याच आठवड्यात पत्रातील यादीप्रमाणे मूळ प्रती आणि दोन-दोन छायाप्रती एका फाईलमध्ये क्रमाने लावाव्यात. दाखल्याला तहसील कचेरीत वेळ लागतो, मुलाखतीला नाही.

(२) स्वतःचा अर्ज पाठ हवा : मंडळापुढे तुमचा अर्ज असतो. त्यात गाव, शाळा, पदवीचे विषय, छंद, नोकरीतील खंड जे जे लिहिले आहे, त्या प्रत्येकावर पाच प्रश्न स्वतःच काढून वहीत लिहावेत. वाचन हा छंद लिहिला असेल तर शेवटी वाचलेले पुस्तक सांगता आले पाहिजे. जे करत नाही ते लिहू नये. खोट्या छंदाइतके घाम फोडणारे दुसरे काही नाही.

(३) सराव-मुलाखत : समाजमंदिरात किंवा शाळेच्या वर्गात टेबलामागे तीन माणसे बसवावीत. ती शक्यतो घरची नसावीत. त्यांतील एकाला चेहरा कोरा ठेवण्यास आणि एकाला मध्येच उत्तर तोडण्यास सांगावे. पंधरा मिनिटांचे घड्याळ लावावे. मोबाईलवर चित्रण करून ते नंतर पाहावे. "म्हणजे", "ॲक्चुअली" किती वेळा आले, नजर कुठे होती, वाक्य अर्धवट कुठे सुटले, हे तटस्थपणे टिपावे. आमचा अनुभव असा की पहिल्या सरावात गडबडणारी मुले चौथ्या-पाचव्या सरावाला बरीच सावरतात. प्रश्न सोपे झालेले नसतात. अनोळखी माणसांसमोर बसण्याची सवय झालेली असते.

(४) श्वासाचा सराव : प्रौढ माणूस स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. घाबरला की ही संख्या वाढते. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून चार आकडे मोजून नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजून सावकाश सोडावा. असे मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे पुरेत. मात्र भराभर खोल श्वास घेऊ नये. त्याने चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. ज्यांनी आनापानसतीचा अभ्यास केला आहे त्यांना श्वासाकडे लक्ष परत आणणे म्हणजे काय हे वेगळे सांगावयास नको. लक्ष भरकटणारच, भरकटले हे कळणे आणि ते परत आणणे हाच अभ्यास. मुलाखतीत हेच कौशल्य कामी येते. फक्त तेथे लक्ष प्रश्नाकडे परत आणावयाचे असते.

मुलाखतीच्या दिवशी

आदल्या रात्री जागून वाचू नये. नेहमीचे, हलके जेवण घ्यावे. चहाची सवय असेल तर एक कप घ्यावा. धीर यावा म्हणून तीन-तीन कप घेतल्यास धडधड वाढते. शक्यतो एक दिवस आधी जागा पाहून यावी आणि प्रत्यक्ष दिवशी तासभर आधी पोहोचावे. नवे बूट, नवी साडी त्या दिवशी प्रथमच नेसू-घालू नये. साधा, स्वच्छ, इस्त्रीचा आणि अंगवळणी पडलेला पोशाख उत्तम.

प्रतीक्षागृहात एक मोह टाळावा. बाहेर आलेल्या प्रत्येकाला "काय विचारले?" म्हणून घेरू नये. त्याचे प्रश्न त्याच्या अर्जावरचे असतात. इंग्रजीत सफाईने बोलणारा, टाय लावलेला शेजारी पाहून मनात जी तुलना सुरू होते, ती आपल्या मुलांना सर्वांत जास्त पोखरते. अशा वेळी पाय जमिनीवर टेकलेले आहेत याकडे लक्ष द्यावे, दहा श्वास मोजावेत, घोटभर पाणी प्यावे. तो शेजारीही तीच लेखी परीक्षा देऊन येथवर आला आहे.

हल्ली काही खासगी कंपन्या संगणकाच्या पडद्यावर मुलाखत घेतात. तेथे घरातील एक शांत कोपरा, मागे साधी भिंत, पुढून प्रकाश आणि चार्ज केलेला मोबाईल एवढी व्यवस्था आदल्या दिवशीच करावी. जोडणी तुटली तर कुणाला फोन करावयाचा तो क्रमांक कागदावर लिहून ठेवावा.

दालनात गेल्यावर

संघ लोकसेवा आयोगाच्या अधिसूचनेतच म्हटले आहे की मुलाखत ही उलटतपासणी नसून स्वाभाविक पण हेतुपूर्वक चालविलेले संभाषण असते. मानसिक सतर्कता, स्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातील समतोल, बौद्धिक व नैतिक प्रामाणिकपणा असे गुण तेथे पाहिले जातात. या यादीत 'सर्व प्रश्नांची उत्तरे येणे' हा गुण नाही, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न पूर्ण ऐकावा. उत्तरापूर्वी एक श्वास एवढा वेळ थांबावे. आतून तो क्षण युगासारखा वाटतो, समोरच्याला तो विचार केल्यासारखा दिसतो. मग प्रथम थेट उत्तर आणि नंतर कारण, असा क्रम ठेवावा. सेनादलाच्या निवड मंडळात मुलाखत घेणारा अधिकारी कधी कधी आठ-दहा प्रश्न एका दमात विचारतो. तेथे सुचेल ते बोलत सुटू नये. पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सांगत जावे, एखादा विसरल्यास नम्रपणे पुन्हा विचारून घ्यावे.

उत्तर येत नसेल तर तीन प्रकार संभवतात. अजिबात माहीत नसल्यास, "सर, याचे उत्तर मला माहीत नाही," असे नजरेला नजर देऊन सांगावे आणि पुढच्या प्रश्नाला तयार व्हावे. अर्धवट माहीत असल्यास, माहीत आहे तेवढेच सांगावे. उदाहरणार्थ सीआरआरचा आजचा दर विचारला आणि आकडा आठवला नाही, तरी "बँकेने आपल्या ठेवींचा जो ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावयाचा असतो, तो सीआरआर. सध्याचा नेमका आकडा मला आठवत नाही," हे उत्तर चांगलेच आहे. आणि ऐन वेळी विसर पडला असल्यास, "क्षणभर वेळ द्यावा," असे म्हणण्यास कोणतीही हरकत नाही. अंदाजाने फेकलेला आकडा मात्र पुढच्या तीन प्रश्नांत उघडा पडतो, आणि एकदा पकडले गेल्याची भावना झाली की तोल सावरणे कठीण जाते.

कधी कधी बरोबर उत्तरावरही दडपण आणतात. पुढील संवाद आम्ही सरावात मुद्दाम घेतो :

"कर्ज अनुत्पादक केव्हा ठरते?"

"मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकले की, सर."

"९०? १८० दिवस ना?"

येथे घाबरलेला उमेदवार लगेच "हो सर, १८०" म्हणतो. काही जण तावातावाने वाद घालतात. तोल सांभाळणारा म्हणतो, "सर, पूर्वी १८० दिवसांचा निकष होता. मार्च २००४ पासून तो ९० दिवसांचा झाला. पीककर्जाला मात्र दिवसांऐवजी पीक हंगामाचा निकष आहे." आवाज चढलेला नाही, माघारही घेतलेली नाही. याला आम्ही मनाचा तोल म्हणतो.

"तुम्ही कला शाखेचे, बँकेत कशाला येता?" हा प्रश्न आम्हा कला शाखेच्या पदवीधरांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. त्याचे उत्तर देताना ओशाळू नये. "इतिहास-राज्यशास्त्र शिकल्यामुळे १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण का झाले आणि बँक खेड्यापर्यंत का न्यावी लागली, हे मला समजते. हिशेबाचे तंत्र प्रशिक्षणात शिकेन, माणसाचे म्हणणे ऐकून घेणे आणि ते नेमके लिहिणे मला येते," असे कुणी शांतपणे म्हटले तर त्यात उणे काय आहे?

भाषेविषयीही थोडे सांगावयास हवे. नागरी सेवा मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देण्याची सोय आहे. जेथे इंग्रजी किंवा हिंदीत बोलावे लागते, तेथे लहान वाक्ये वापरावीत. मोडके पण स्पष्ट वाक्य हे अलंकारिक पण अर्धवट वाक्यापेक्षा केव्हाही सरस.

झोंबणारे प्रश्न

आता सर्वांत नाजूक भाग. आपल्या मुलांना काही प्रश्न असे विचारले जातात की ज्ञानापेक्षा मनावरच घाव बसतो. "आरक्षणाने गुणवत्ता घसरते, असे नाही वाटत?" किंवा "तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीत कसे?" प्रश्न कधी खरोखर माहितीसाठी असतो, कधी राग येतो का ते पाहण्यासाठी, आणि कधी विचारणाऱ्याच्या मनातच अढी असते. यांपैकी कोणते, हे त्या क्षणी ओळखता येत नाही. म्हणून हेतू शोधत बसू नये. प्रश्नाला उत्तर द्यावे. आणि ते उत्तर आधी तयार असावे, कारण ज्या प्रश्नाने घशाशी हुंदका येतो त्याचे उत्तर त्या क्षणी सुचत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत देता येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख धर्मीयांचा समावेश झाला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीयांचाही समावेश झाला. त्यानुसार माझा दाखला आहे. येथे आवाज चढविण्याची गरजच उरत नाही.

पहिल्या प्रश्नाला, "सर, राज्यघटनेच्या अनुच्छेद १६(४) मध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गांसाठी ही तरतूद आहे. निवड झाल्यावर प्रशिक्षण, परिविक्षा काळ आणि काम सर्वांना सारखेच असते. त्या कामावरून माझी पारख व्हावी, अशी माझी अपेक्षा आहे," असे सांगता येते.

याच्या उलट एक मोह असतो, तो अभिमानाच्या भरात जास्त बोलण्याचा. बँकेच्या मुलाखतीत "डॉ. आंबेडकरांचा रिझर्व्ह बँकेशी काय संबंध?" असे विचारले की काही जण भारावून जाऊन "बाबासाहेबांनीच ती स्थापन केली" असे सांगून टाकतात आणि पुढच्या प्रश्नात अडकतात. त्यापेक्षा नेमके सांगावे : 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १९३४ च्या कायद्यान्वये रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. एवढे सत्यच पुरेसे भारदस्त आहे. त्यास वाढवून सांगण्याची गरज नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो. मनाचा तोल राखणे म्हणजे अपमान निमूटपणे गिळणे असा अर्थ कुणी काढू नये. प्रश्नाच्या नावाखाली उघड अवहेलना झाली, तर तेथे भांडून मुलाखत मोडू नये. उरलेली मुलाखत पूर्ण करावी, बाहेर येताच तारीख, वेळ, शब्द न् शब्द लिहून काढावा आणि वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय करून लेखी तक्रार करावी. सरकारी बँकांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी असतो. घटनेच्या अनुच्छेद ३३८ नुसार राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे. शांत डोक्याने लिहिलेला एक पानाचा अर्ज दालनातील आरडाओरड्यापेक्षा जास्त दूरवर जातो.

पालकांसाठी दोन शब्द

"आता तूच आमची आशा," हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो, पण मुलाखतीच्या आदल्या रात्री ते मुलाच्या छातीवर दगडासारखे बसते. घरातला पहिलाच पदवीधर मुलाखतीला निघतो तेव्हा त्याच्यासोबत कर्जाचे हप्ते, बहिणीचे लग्न, गळके छप्पर सगळेच त्या दालनात जाऊन बसते. ते ओझे शक्य तेवढे घरीच ठेवून घ्यावे. त्याला वेळेवर जेवू घालावे, झोपू द्यावे. परत आल्यावर दारातच "काय झालं?" विचारू नये. चहा द्यावा, तो आपणहून सांगेल. मुलगी असेल तर "एकटी कशी जाणार?" या वादात आदला दिवस घालवू नये, सोबत कोण जाणार ते आधीच ठरवावे.

समारोप

निकाल लागेपर्यंत मुलाखत मनात पुन्हा पुन्हा चालू राहते. त्याच संध्याकाळी विचारलेले सर्व प्रश्न वहीत लिहावेत, न आलेल्यांची उत्तरे शोधावीत आणि वही मिटवावी. निवड झाली तर ती वही मागून येणाऱ्या भावंडांना द्यावी. न झाली तर तीच वही पुढच्या मुलाखतीची पहिली तयारी असेल. जागा मोजक्या असतात, पात्र उमेदवार पुष्कळ असतात. एका मंडळाने दिलेले गुण म्हणजे माणसाची किंमत नव्हे.

जे आज नोकरीत स्थिर आहेत त्यांना आमची एक विनंती आहे. महिन्यातला एक रविवार द्या. तीन खुर्च्या मांडा, समोर आपल्याच वस्तीतील एका मुलाला किंवा मुलीला बसवा आणि पंधरा मिनिटे प्रश्न विचारा. चेहरा थोडा कोरा ठेवा, पण शेवटी चुका समजावून सांगा. खऱ्या दालनातील कोरे चेहरे त्यांना मग अनोळखी वाटणार नाहीत. ज्या मुलांच्या घरी पूर्वी कुणी अशा टेबलासमोर बसलेले नाही, त्यांना देण्यासारखी आपल्याजवळ याहून मोलाची दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

सर्व उमेदवारांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!